चुंबनानंतरचं पॅनेल आणि आयसीटीसीची फुकटची खुर्ची

गोव्यात कार्निव्हल, नाताळ, नवं वर्ष अशी गर्दीची रात्र सरली की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून येतो: किस केलं, हिरडीतून थोडं रक्त येत होतं, एचआयव्हीची टेस्ट कधी करू? या भीतीवर पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, कुठेही दोन प्रकारची सेवा मिळते. एक, खाजगी लॅबचं 'एसटीडी पॅनेल', म्हणजे लैंगिक आजारांच्या टेस्टचा एकत्र गठ्ठा. माणूस घरी येऊन रक्त नेतो, रिपोर्ट मोबाईलवर येतो, बिल काही हजारांत. दुसरी, सरकारी इस्पितळातलं एकात्मिक समुपदेशन आणि तपासणी केंद्र, म्हणजे आयसीटीसी. तिथे पैसे लागत नाहीत, पण रांग आहे आणि समोर बसून बोलावं लागतं. चुंबन, मिठी, अंगाला अंग लागणं, हाताने केलेला स्पर्श अशा कमी जोखमीच्या जवळिकीनंतर यांतलं काय कामाचं, तेवढंच इथे पाहिलं आहे. दुसऱ्याची सुई वापरली असेल किंवा निरोधाविना संबंध झाला असेल तर हिशेब वेगळा.

आधी पॅनेल. त्याची यादी साधारण अशी असते: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिससाठी व्हीडीआरएल, हर्पीस १ आणि २ चे आयजीजी-आयजीएम (विषाणूविरुद्ध रक्तात तयार होणाऱ्या अँटिबॉडी), महागड्या आवृत्तीत लघवीवरून गनोरिया आणि क्लॅमिडिया. यादी भरगच्च दिसते. पण चुंबनापुरतं बोलायचं तर ती बहुतांशी जे चुंबनातून येत नाही ते शोधते, आणि जे येतं त्याकडे पाहतच नाही.

एचआयव्ही घ्या. लाळेतून तो पसरत नाही. लाळेत विषाणू फार कमी सापडतो, तिच्यातली काही प्रथिनं त्याला अडवतात, आणि लाळेत क्षार इतके कमी असतात की विषाणू घेऊन फिरणाऱ्या पेशी तिच्यात फुगून फुटतात. लागण होते ती रक्त, वीर्य, वीर्याआधीचा स्राव, योनीतला स्राव, गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यांतून. मग हिरडीतलं रक्त? 1997 साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अशा एका जोडप्याची नोंद छापली होती. दोघांच्याही हिरड्या खराब होत्या, आणि लागण झालीच असेल तर लाळेतून नव्हे, तोंडातल्या रक्तातून झाली असावी, असा त्यांचा कयास होता. इतक्या वर्षांत चर्चा फिरून फिरून त्या एका नोंदीपाशी येते, यातच उत्तर आहे. ब्रश केल्यावर थुंकीत दिसणारा गुलाबी धागा म्हणजे ते प्रकरण नव्हे. दोन्ही तोंडांत उघडं, वाहतं रक्त असावं लागतं. समोरची व्यक्ती एचआयव्हीबाधित असली, पण नियमित औषधं घेत असली आणि तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दर मिलीला 200 प्रतींच्या खाली टिकून असला, तर शरीरसंबंधातूनही तिच्याकडून लागण होत नाही. चुंबनाची तर गोष्टच सोडा.

हिपॅटायटिस सी चुंबनातून येत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू लाळेत सापडतो, तरी चुंबनातून तो पसरतो असं मानत नाहीत. तो येतो रक्तातून, संबंधातून, जन्माच्या वेळी आईकडून, आणि घरात एकच रेझर किंवा टूथब्रश दोघांनी वापरल्याने. शरीराबाहेर तो सात दिवस तग धरतो, म्हणून पार्टीच्या सकाळी मित्राचं रेझर उचलणं हे रात्रीच्या चुंबनापेक्षा जास्त धोक्याचं. यावर पॅनेलपेक्षा लस बरी: तीन डोस, आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. पॅनेल घेतलंच असेल तर त्यातला हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट लस घेण्याआधी कामी येईल. तेवढा पैसा वसूल.

आता पॅनेलमधला खरा खड्डा. हर्पीस.

हर्पीस १ हा चुंबनातून पसरतोच. ओठांच्या कडेला मुंग्या येतात, एक-दोन दिवसांत पाण्याच्या बारीक पुटकुळ्यांचा झुबका उठतो, तो फुटतो, खपली धरते आणि सात ते दहा दिवसांत जाते. नागीण ही वेगळी. तिचा विषाणू कांजण्यांचा, याचा तिच्याशी संबंध नाही, तरी फार्मसीत दोन्हींना 'हर्पीस' म्हणत असल्याने घोळ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या अंदाजाने पन्नाशीच्या आतल्या जगातल्या सुमारे 64 टक्के लोकांच्या अंगात हर्पीस १ आहे. बहुतेकांना तो लहानपणी घरच्यांच्या पाप्यांतून मिळालेला. म्हणजे रस्त्यातून कुणालाही थांबवून आयजीजी केलं, तर ते पॉझिटिव्ह निघण्याची शक्यताच जास्त. त्यावरून लागण कधी झाली, कुणाकडून, शरीरात कुठे, यातलं काहीच कळत नाही. आयजीएम तर आणखी वाईट. नव्या आणि जुन्या लागणीत फरक करायला तो निकामी आहे, अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र तो करूच नका असं सांगतं. हर्पीस २ च्या आयजीजीतही 1.1 ते 3 च्या मधला आकडा आला तर तो फसवा असू शकतो, दुसऱ्या पद्धतीने पडताळावा लागतो. रिपोर्टवर मात्र लाल अक्षरांत 'पॉझिटिव्ह' छापलेलं असतं, खाली समजावणारं कुणी नसतं. रात्री साडेअकराला मोबाईलवर असा कागद उघडणाऱ्याचं काय होतं, त्याचा हिशेब लॅबच्या बिलात नाही.

पुटकुळी उठलेली असताना तिच्या तळाचा स्वॅब घेऊन पीसीआर (विषाणूच थेट शोधणारी टेस्ट) केला तर उत्तर नेमकं मिळतं. आणि पुटकुळी नसेल तर टेस्ट नको, एवढं साधं आहे. औषध लावायचं-घ्यायचं ते मुंग्या येतात त्या पहिल्या दिवशी. व्हॅलासायक्लोव्हिर 2 ग्रॅम, बारा तासांनी पुन्हा 2 ग्रॅम, एवढ्यावर कोर्स संपतो, तोही डॉक्टरच्या चिठ्ठीने आणि मूत्रपिंड ठीक असतील तर. खपली धरल्यावर गोळ्या घेणं म्हणजे पाऊस थांबल्यावर छत्री उघडणं. मुंग्यांपासून खपली गळेपर्यंत चुंबन बंद, तोंडाने केलेला संबंधही बंद, कारण हर्पीस १ गुप्तांगावरही तितक्याच सहज बसतो. पुटकुळी नसतानाही विषाणू अधूनमधून लाळेत येतो, त्यामुळे शंभर टक्के बचाव कुणाकडेच नाही.

एका ठिकाणी मात्र हर्पीस १ हसण्यावारी नेऊ नये: बारसं. बाराव्या दिवशी घर पाहुण्यांनी भरतं आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर जातं. पहिल्या चार आठवड्यांत बाळाला हर्पीस झाला तर तो मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत जातो, आणि जीव घेऊ शकतो. ज्या मावशीच्या, काकाच्या ओठावर पुटकुळी आहे तिने-त्याने बाळाची पापी घ्यायची नाही, हात धुऊन, तोंडाला मास्क लावून लांबूनच पाहायचं. महिन्याच्या आतल्या बाळाला 38 सेल्सिअस किंवा जास्त ताप, अंगावर पुटकुळ्या, दूध सोडणं, असं काही दिसलं तर 'उद्या बघू' नको, थेट बालरोग विभाग.

पॅनेल जे पाहत नाही त्यात पहिला एपस्टाईन-बार विषाणू, ज्याला लोक चुंबनाचा आजार म्हणतात. लागणीनंतर चार ते सहा आठवड्यांनी घसा सोलवटतो, मानेला गाठी येतात, ताप आणि महिनाभर न हटणारा थकवा. गोव्यात पावसाळ्यात ताप म्हटला की आधी डेंग्यू-मलेरिया पाहतात, आणि ते बरोबरच आहे. पण ते निगेटिव्ह आल्यावर घसा दुखतो म्हणून कुणी अमॉक्सिसिलिन सुरू केलं आणि अंगभर लाल पुरळ उठलं, तर ही 'औषधाची ॲलर्जी' नव्हे, हा विषाणू असण्याची शक्यता मोठी. तेव्हा साध्या सीबीसीत विचित्र लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दिसतात का ते बघायला सांगा. मोनोस्पॉट ही याच विषाणूसाठीची टेस्ट पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा निगेटिव्ह येते. प्लीहा सुजलेली असते म्हणून तीन-चार आठवडे फुटबॉल बंद. गोव्यात हे सांगणं अवघड, तरी सांगायलाच हवं.

दुसरा, घशातला गनोरिया. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांनी दाखवलं की पुरुष-पुरुष संबंधांत जीभ घालून केलेल्या चुंबनातूनही तो जात असावा. घशात त्याची लक्षणं बहुतेक वेळा नसतातच. आणि पॅनेल काय तपासतं? लघवी. घसा आणि लघवीची वाट यांचा एकमेकांशी पत्ता नाही. तोंडाने संबंध केला असेल तर घशाचा स्वॅब मागा. लॅब 'आमच्याकडे फक्त लघवी' म्हणाली तर तो भाग निगेटिव्ह नाही, न तपासलेला आहे.

तिसरा, सिफिलिस. व्हीडीआरएल पॅनेलमध्ये आहे, पण वेळ चुकते. चट्टा, म्हणजे सिफिलिसची पहिली जखम, लागणीनंतर 10 ते 90 दिवसांत, सरासरी तीन आठवड्यांनी उठतो, आणि व्हीडीआरएल त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी, कधी जास्त उशिरानेही पॉझिटिव्ह होतो. पार्टीनंतर चौथ्या दिवशी केलेला व्हीडीआरएल फक्त जुना हिशेब सांगतो. ओठावर, जिभेवर एकच फोड, कडा कडक, बोटाने दाबली तरी न दुखणारी, गळ्याला गाठ, असं असेल तर चुंबनातूनही सिफिलिस देता-घेता येतो. त्याउलट तोंड आलं की ती जखम पिवळट-पांढरी, लाल वर्तुळातली आणि चहाच्या घोटागणिक झोंबणारी असते. तोंड येणं संसर्गजन्य नाही. दुखतंय हे इथे चांगलं लक्षण, हे ऐकून लोकांना विश्वास बसत नाही. व्हीडीआरएल गर्भारपणात, ल्युपसमध्ये, काही तापांतही उगाच पॉझिटिव्ह येतो, म्हणून लक्षण नसताना तो टीपीएचए या सिफिलिसच्याच दुसऱ्या टेस्टने पडताळावा लागतो.

बाकीचं थोडक्यात. सर्दी, फ्लू, कोविड चुंबनाने अर्थातच येतात. टीबी चुंबनाने येत नाही, पण खोकणाऱ्या माणसाबरोबर बंद खोलीत तासन्‌तास बसल्याने येतो. गुड फ्रायडेला क्रूसाचं चुंबन घेताना प्रत्येकानंतर कापडाने पुसतात. कोरड्या कापडाने फार काही साधत नाही, पण अशा टणक वस्तूवरून एचआयव्ही येत नाही आणि हर्पीसची शक्यताही नगण्य. सर्दी असेल तर नुसतं कपाळ टेकवा. गर्भार बाईने आपल्या मोठ्या मुलाच्या ओठांची पापी टाळावी, कपाळावर द्यावी आणि त्याचा उष्टा चमचा तोंडात घालू नये, कारण लहान मुलांच्या लाळेतला सायटोमेगॅलो विषाणू पोटातल्या बाळाच्या कानावर जातो.

आता आयसीटीसी. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), म्हापशाचं जिल्हा इस्पितळ (लोक अजून आझिलोच म्हणतात) आणि मडगावचं दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ ही तिन्ही ठिकाणं विचारायला सोपी. ओपीडीच्या वेळेत सकाळी जावं. या सेवेचा सर्वात चांगला भाग टेस्ट नव्हे, टेस्टच्या आधीची खुर्ची. समुपदेशक विचारतो: नेमकं काय झालं, कोणता भाग कुठे लागला, वीर्य किंवा रक्त तोंडात, डोळ्यात, जखमेवर गेलं का, किती दिवस झाले, गेल्या तीन महिन्यांत दुसरं काही? लाज वाटते म्हणून 'नुसतं किस' सांगितलं आणि खरं वेगळं असेल, तर उत्तर चुकीच्या प्रश्नाला मिळतं. नुसतं चुंबन असेल तर चांगला समुपदेशक तिथेच सांगतो, टेस्टची गरज नाही. लॅबचा माणूस हे कधी सांगणार नाही, त्याच्या हातात ट्यूब असते.

तरी टेस्ट करायची म्हटली तर आधी लेखी संमती, मग शिरेतून 3 ते 5 मिली रक्त, किंवा छोट्या केंद्रात बोट टोचून. बोट टोचायचं ते मधलं किंवा अनामिका, टोकावर नव्हे, बाजूला. पहिला थेंब पुसायचा, दुसरा घ्यायचा, बोट पिळायचं नाही, पिळलं की पेशींमधलं पाणी मिसळतं. पट्टीवर आधी कंट्रोलची रेष उठली पाहिजे. ती नाही उठली तर टेस्ट बाद, दुसरी पट्टी. किटवर लिहिलेल्या मिनिटांनंतर वाचलेली फिकट रेष धरत नाहीत. पहिली नॉन-रिॲक्टिव्ह आली की तेवढ्यावर निगेटिव्ह. रिॲक्टिव्ह आली तर वेगळ्या बनावटीच्या आणखी दोन किटांवर पडताळल्याशिवाय कुणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. पॅनेलच्या एका यंत्राच्या एका आकड्यापेक्षा ही पद्धत भरवशाची.

उणीव वेळेची. इथल्या रॅपिड किटांचा भर अँटिबॉडीवर असतो, आणि त्या उठायला 23 ते 90 दिवस लागतात. लॅबची चौथ्या पिढीची टेस्ट, शिरेतल्या रक्तावर, अँटिजेनही, म्हणजे विषाणूचा स्वतःचा अंशही, पाहते म्हणून 18 ते 45 दिवसांत उत्तर देते. खरी जोखीम घडली असेल आणि तीन महिने जिवाला घोर नको असेल, तर 45 व्या दिवशी पॅनेल सोडून लॅबची ही एकच टेस्ट सुटी मागा, मग तीन महिन्यांनी आयसीटीसीत पक्की करा. जोखीम 72 तासांच्या आतली असेल तर टेस्टच्या रांगेत उभंच राहू नका. थेट कॅज्युअल्टीत जाऊन पीईपीबद्दल, म्हणजे लागण रोखायला जोखमीनंतर लगेच सुरू करायच्या गोळ्यांबद्दल, विचारा. पहिली गोळी जितकी लवकर तितकी बरी, कोर्स 28 दिवसांचा, द्यायचा की नाही ते डॉक्टर ठरवतात. चुंबनासाठी पीईपी देत नाहीत, आणि द्यायलाही नको. रात्रीचं, रविवारचं बोलायला 1097 ही टोल फ्री हेल्पलाईन आहे. आयसीटीसीची ओपीडी वेळेपुरतीच उघडी असते, ही या सेवेची दुसरी उणीव. हॉटेलात, कॅसिनोत शिफ्टवर असणाऱ्याला सकाळी अकराची रांग म्हणजे अर्धा पगार.

लक्षण दिसत असेल तर आयसीटीसीतूनच सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी क्लिनिकला, पाठवतात. तिथे रंगांच्या किटमधून औषध देतात: स्रावासाठी करडं किट, त्यात अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम आणि सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम, हर्पीसच्या फोडांसाठी लाल किट, असायक्लोव्हिर 400 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस, न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी पांढरं, त्यात 24 लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलिन. झटपट आणि मोफत, म्हणून चांगलंच. पण हा उपचार लक्षणावरून चालतो. घशातल्या गनोरियाला लक्षण नसतं आणि सेफिक्झिम घशात कमी पडतं, तिथे सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शन लागतं. तोंडाने संबंध झाला होता हे आपण होऊन सांगा, नाहीतर करडं किट हातात घेऊन घरी याल आणि घसा तसाच राहील.

नाव फुटेल ही भीती गोव्यात उगाच नाही. 1989 साली डॉमिनिक डिसोझा यांना एचआयव्ही असल्याचं रक्तदानानंतर कळलं, आणि सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्यांना 64 दिवस एका जुन्या क्षयरोग इस्पितळात पहाऱ्यात ठेवलं गेलं. आज तसं करता येत नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, संमतीशिवाय टेस्ट नाही आणि निकाल उघड करणं नाही. रिपोर्ट आयसीटीसीत हातात मिळतो. लॅबचा व्हॉट्सॲपवर येतो, आणि घरच्यांनी मिळून वापरलेल्या मोबाईलवर तो कुणाला आधी दिसेल ते सांगता येत नाही.

फार्मसीतल्या वस्तूंविषयी दोन शब्द. माऊथवॉशने घशातला गनोरिया टळतो असं ऑस्ट्रेलियातल्या चाचण्यांत दिसलं नाही, त्यामुळे पैसे वासासाठी घाला, बचावासाठी नको. डेंटल डॅम, म्हणजे तोंडाने संबंध करताना मध्ये धरायचा लॅटेक्सचा पातळ पडदा, सहज मिळत नाही. साधा निरोध उलगडून टोक कापा, तळाची रिंग कापा, मग लांबीने एक चीर द्या, चौकोनी पडदा तयार. त्याला खोबरेल लावू नका. तेलाने लॅटेक्स मिनिटांत कमजोर होतं, आणि गोव्याच्या घरात हाताशी तेल म्हणजे खोबरेलच. पाण्याचं ल्युब घ्या.

अंगाला अंग लागल्यावर खाज सुटली तर ती बहुधा खरूज किंवा दाद (गजकर्ण). खरूज पहिल्यांदा होते तेव्हा खाज चार ते सहा आठवड्यांनी सुरू होते, म्हणून 'परवाच्या रात्रीमुळे' हा संशय बहुतेकदा खोटा. पर्मेथ्रिन 5 टक्के, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीही, रात्री लावून 8 ते 14 तासांनी धुवायचं, आठवड्याने पुन्हा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. एकट्यानेच लावलं की पंधरा दिवसांत ती परत. जांघेतल्या गोल चकंदळांना काउंटरवरून तिहेरी मलम मागू नका. त्यात क्लोबेटासॉलसारखं स्टिरॉइड असतं, दोन दिवस खाज थांबते, मग दाद दुप्पट पसरते, कडा पुसट होतात आणि त्वचारोग डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो. आपल्या दमट हवेत तर विचारू नका. नुसतं बुरशीनाशक मागा, जोडीदारालाही लावायला सांगा, आणि चड्डी उन्हात वाळवून मगच घाला.